उपासातला आलेलूया

मिठाचा सत्याग्रह होऊन गेला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते. पुण्याहून शिक्षिकेची परीक्षा पास होऊन रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेत लागले होते. लग्नाचं बोलणं दोनदा होऊन मोडलं होतं आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं.

वडील कीर्तनकार. गाव त्यांना बुवा म्हणायचं, मी अण्णा म्हणायची. मुंबईच्या नाटकातली नवी चाल कानावर पडायचा अवकाश, दोन दिवसांत अण्णा त्या चालीवर आपलं पद बसवत आणि चौथ्या दिवशी देवळात म्हणून मोकळे होत. मी पुण्यात एक गोष्ट जास्तीची शिकून आले होते, ती म्हणजे गाणं ऐकून सा रे ग म कागदावर उतरवायचं. रेवदंड्यात ही विद्या माझ्याशिवाय कुणाला येत नव्हती, आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता.

माघातल्या एका शनिवारी दुपारी खाडीपलीकडच्या कोर्लईचे पाद्रीबाबा आमच्या ओटीवर आले. गोऱ्या रंगाचे, बुटके, मूळचे गोव्याचे. पांढऱ्या झग्याचा घोळ खाडीच्या पाण्यानं भिजलेला, एका हातात छत्री आणि काखेत मेणकापडात गुंडाळलेलं पोथीएवढं जाड पुस्तक.

"बुवा, मी भीक मागायला आलोय," ते म्हणाले.

"मग घर बरोबर शोधलंत," अण्णा म्हणाले. "आमचाही तोच धंदा. बसा."

पाणी पिऊन झाल्यावर पाद्रीबाबांनी सांगितलं. त्यांच्या गावातले गाणं शिकवणारे म्हातारे मास्तर गेल्या पावसाळ्यात वारले होते. त्यांनी सगळं तोंडी शिकवलेलं, लिहून काही ठेवलं नव्हतं. आणि आता पास्काच्या सणाला, म्हणजे येशू थडग्यातून उठला त्या दिवशी, युरोपातले एक वयोवृद्ध पाद्री कोर्लईला यायचे होते. तरुणपणी ते एका मठात राहिलेले. त्या मठात दिवसातून सात वेळा जमून गात, आणि गात ते हजारावर वर्षांपूर्वीचं गाणं. आपल्या गावात ते गाणं नीट व्हावं अशी पाद्रीबाबांची फार इच्छा होती.

"मला व्हायोलिन येतं," ते म्हणाले. "पण शिकवायला तोंड उघडलं की बायका हसतात. कुणीतरी सुरांचं माणूस पाहिजे."

त्यांनी पुस्तक उघडलं. अण्णांनी चष्मा चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "ही काय मुंग्यांची रांग?"

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. चार आडव्या रेघा, त्यांच्यावर काळे चौकोनी ठिपके. काही एकटे, काही एकमेकांना चिकटलेले, काही एकावर एक चढलेले. खाली लॅटिन शब्द तोडून तोडून लिहिलेले. इंग्रजी पद्धतीचं सुरांचं लिखाण मी पुण्यात एकदा पाहिलं होतं, पण हे तसं नव्हतं.

"यात सा कुठं आहे?" मी विचारलं.

पाद्रीबाबांनी ओळीच्या सुरुवातीच्या एका आकड्यासारख्या खुणेवर बोट ठेवलं. "ही खूण ज्या रेघेवर, ती रेघ तुमचा सा समजा. खूण वर गेली की सा वर, खाली आली की सा खाली. गाणाऱ्याला सोसेल तिथं धरायचा."

म्हणजे आपल्यासारखंच! सा कुठं खिळलेला नाही, ज्याच्या गळ्याला जिथं जमेल तिथला त्याचा सा. चिकटलेल्या ठिपक्यांचे नियम पाद्रीबाबा सांगत होते, मी घाईघाईनं हूं हूं करत होते. माझं बोट ओळीवरून पुढं पळत होतं. पाव तासात मी एक अख्खी ओळ सरगमीत म्हणून दाखवली. पाद्रीबाबा टाळ्या वाजवायला लागले. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"खमाजाच्या घरातलं आहे," ते म्हणाले. "नि कोमल लागतोय. पण ताल कुठला?"

"ताल नाही, बुवा. शब्दाचा श्वास संपेल तिथं थांबायचं."

"म्हणजे आलाप," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "माझे दात गेलेत. ही येईल."

शेजारच्या काकू दाराआडून ऐकतच होत्या. पाद्रीबाबा गेल्यावर त्या म्हणाल्या, "बुवा, तरणी पोर किरिस्तांवांत पाठवताय. बाटवतील हो."

"सुरानं कुणी बाटल्याचं मी ऐकलं नाही," अण्णा म्हणाले. "बेसुरानं बाटतं. आमच्या देवळात रोज बाटतंय."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर आणि दर रविवारी दुपारी मी होडीनं खाडी ओलांडायची, पलीकडच्या काठानं चालत कोर्लई गाठायची. किल्ल्याचा डोंगर डावीकडे, खाली नारळीच्या वाड्या आणि त्यांच्यात पांढरी इगर्ज, म्हणजे किरिस्तांवांचं देऊळ. पहिल्या दिवशी इगर्जीच्या पडवीत चौदा बायका आणि चार म्हातारे बसले होते. "नियमानं हे पुरुषांनी गायचं," पाद्रीबाबा जरा ओशाळून म्हणाले, "पण माझे पुरुष कोण मचव्यांवर, कोण मुंबईला आगबोटीवर. राहिले हे."

बायकांच्या मध्ये बसलेली एक माझ्याकडे बघून मोठ्यानं हसली. "अगं, तू बुवांची पोर न्हवं? तुज्या आयशीला मी वांगी देते!"

मी ओळखलं. रोज सकाळी आमच्या आळीत भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या मावशी. पन्नाशीच्या, विधवा, काळ्याभोर, पायांत जोर असलेल्या. "वांगीऽ, मुळाऽ" ही त्यांची हाक मी लहानपणापासून ऐकत होते. ती हाक षड्जावर सुरू होऊन पंचमावर जाते हे कधी लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना पहिली ओळ गाऊन दाखवली, त्यांनी ती परत म्हटली, आणि मी जागच्या जागी सरळ होऊन बसले. असा रुंद, भरलेला, कुठंही न चिरकणारा आवाज मी नाटकातसुद्धा ऐकला नव्हता.

पाद्रीबाबांनी त्याच दिवशी अडचण सांगितली. मुख्य गाणं होतं आलेलूयाचं. आलेलूया म्हणजे देवाचा जयजयकार. पण पास्काच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे, दुःखाचे. त्या दिवसांत जयजयकार करायचा नाही. तो शब्द इगर्जीत तोंडातून काढायचासुद्धा नाही.

"आणि उपास कधीपासून?" मी विचारलं.

"येत्या बुधवारपासून."

"मग आम्ही शिकायचं कधी?"

"त्याच दिवसांत. शब्द न म्हणता."

बाकीची गाणी भराभर बसली. पण आलेलूयाचा शेवटचा 'आ' होता, तिथं सगळं अडलं. त्या एका आकारावर चाळीसेक सूर होते. वर चढायचं, थोडं घसरायचं, तीनदा गिरकी घ्यायची, मग एकदम उंच जाऊन पायरी पायरीनं उतरायचं. मी आधी गायची, त्या मागून म्हणायच्या. दहाव्या सुरापर्यंत सगळ्या एकत्र, पुढं मात्र कुणी गिरकी दोनदा घ्यायची, कुणी चारदा, एक तर भलतीच उतरून खाली येऊन बसायची आणि बाकीच्यांची वाट बघायची. म्हाताऱ्यांपैकी एक जण मध्येच झोपायचे. दोन आठवडे गेले. गुरुवारी बसवलेलं रविवारी पुसून जायचं.

"बाय," मावशी शेवटी वैतागून म्हणाल्या, "ही पान्यावर मारल्याली रेघ हाय. मारतंय तंवर दिसती."

मी हिरमुसून पाद्रीबाबांकडे गेले आणि सांगितलं, हे होणार नाही. सोपं काहीतरी घ्या.

ते गालातल्या गालात हसले. आत गेले आणि एक दुसरं पुस्तक घेऊन आले. त्यात एका जुन्या हस्तलिखिताच्या पानाचं छायाचित्र होतं. त्या पानावर रेघा नव्हत्या, ठिपकेही नव्हते. लॅटिन शब्दांच्या डोक्यावर नुसते तिरके फटकारे, आकडे, बाक. कुणीतरी हात हवेत हलवावा आणि त्या हाताचा माग शाईत उतरावा तसं दिसत होतं.

"हे अकराशे वर्षांपूर्वीचं," ते म्हणाले. "यात सा नाही, रे नाही. नुसतं इथं वर जा, इथं वळ, इथं थांब. ज्याला गाणं आधीच पाठ आहे, त्याला आठवण द्यायला."

"आमच्याकडे वेदाच्या अक्षरांवर अशाच उभ्या आडव्या रेघा असतात," मी म्हणाले.

"असणारच. माणसाची आठवण सगळीकडे सारखीच दुबळी."

मग त्यांनी मला पडवीच्या पायरीवर बसवून जे सांगितलं, ते मी या वयातही शब्दन् शब्द सांगू शकते. त्या काळी युरोपात फ्रँक लोकांचं मोठं राज्य होतं. त्यांच्या राजाच्या मनात आलं, आपल्या राज्यातल्या प्रत्येक मठात एकाच पद्धतीनं गायलं जावं. त्यानं रोमहून गवई मागवले. गवई आले आणि भांडणं सुरू झाली, कारण प्रत्येक जण म्हणे माझंच खरं. अशा त्या काळात, डोंगरातल्या एका मठात एक मुलगा होता. तोतरा. बोलताना अडखळायचा, पण गाण्यावर जीव. आलेलूयाच्या आकारावरचे लांबलचक सूर त्याच्या डोक्यात राहत नसत. तो स्वतःवरच चिडायचा.

"पुढं तो मोठा झाला, साधू झाला," पाद्रीबाबा म्हणाले. "त्या सुमाराला उत्तरेकडचे समुद्री दरोडेखोर जहाजांतून येऊन मठ जाळत होते. तशा एका जळलेल्या मठातून एक साधू पळून या डोंगरात आला. बरोबर काही नाही, फक्त एक गाण्याची वही. तोतऱ्यानं ती उघडली तर काय! आकाराच्या लांब सुरांखाली कुणीतरी शब्द लिहिले होते. तो आनंदानं वेडा झाला. मग नीट वाचलं, तर शब्द अगदी रद्दी! म्हणाला, याहून बरे मी लिहीन. लिहून गुरूला दाखवले. गुरू म्हणाला, छान, पण एका सुराला एकच अक्षर ठेव. मग त्यानं पुन्हा लिहिलं. तेच शब्द पुढं युरोपभर गायले गेले. एका विसरभोळ्या तोतऱ्याचे."

मी उठून उभीच राहिले. "पाद्रीबाबा, हे चालीवर पद बसवणं झालं! माझे वडील आयुष्यभर हेच करतायत!"

"मग बुवांना सांगा, त्यांचा एक भाऊबंद होता म्हणून."

"आणि आपल्याला आलेलूया म्हणायचा नाहीच आहे! दुसरे शब्द घालून शिकलं तर तुमचा उपासही मोडत नाही!"

त्यांनी दाढी खाजवली. "शिकण्यापुरतं," ते म्हणाले. "इगर्जीत नाही. पास्काच्या दिवशी फक्त आकार. कबूल?"

मी कबूल म्हणेपर्यंत पायरी उतरले होते. त्या संध्याकाळी मी काठानं जवळजवळ धावतच आले. होडीवाल्यानं विचारलं, "काय झालं बाय, घरी कोन आजारी हाय काय?"

अण्णांना सांगितलं तर ते जेवणावरून उठले. हात धुऊन लेखणी घेऊनच बसले. मी सूर म्हणत होते, ते बोटांवर मोजत होते. पंधरा मिनिटांत पद तयार! एका सुराला एक अक्षर, नेमकं. त्यात प्रभात होती, तिमिर होतं, अरुणकिरण होते, सगळं होतं.

रविवारी मी ते मोठ्या ऐटीत पडवीत म्हणून दाखवलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण पदर तोंडाला लावून हसली.

"बुवांचं चांगलं हाय," मावशी सावकाश म्हणाल्या, "पन त्ये बुवांच्या तोंडात बसतं. आमच्या न्हाय बसत. तिमिर म्हंजे काय?"

मी अंधार म्हटलं.

"मग अंधार म्हनायला काय झालं व्हतं?"

सगळ्या खो खो हसल्या आणि मीही हसले. मग मी कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, "मावशी, तुम्हीच सांगा. पास्काच्या सकाळी काय झालं होतं?"

त्यांनी मांडी बदलली. "काय व्हनार? पहाटं बायका उटल्या. थडग्याकडं जायचं व्हतं, मढ्याला सुगंधी तेल लावायला. वाटंत एकमेकींस्नी इचारतायत, दाराचा धोंडा कोन सरकवील? जाऊन बगतात तर धोंडा सरकल्याला!"

"हेच म्हणा. तुमच्या घरच्या बोलीत."

कोर्लईच्या किरिस्तांवांची घरात बोलायची बोली वेगळीच, जुन्या पोर्तुगीजांच्या वेळची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी सूर म्हणायची, मावशी त्यावर शब्द ठेवायच्या, नाही बसला तर काढून दुसरा ठेवायच्या. चौदाही जणी सुचवत होत्या. भांडत होत्या. एका गिरकीपाशी शब्द लांब झाला म्हणून दोघींची चांगली जुंपली. झोपणारे म्हातारे टक्क जागे होऊन मध्येच म्हणाले, "तिथं 'गं' घाला!" आणि खरंच, त्यांच्या बोलीतलं त्या अर्थाचं अक्षर तिथं चपखल बसलं. झालेल्या शब्दांचा अर्थ मी मराठीत विचारून घेतला. तो असा होता:

उठा गं बायांनो, तांबडं फुटलं,
होडी लोटा पाण्यात,
धोंडा जड, धोंडा जड, धोंडा जड गं,
वर बघा, वर बघा, दार उघडं,
चला घरी सांगायला.

तीन गिरक्या तिथं तीनदा धोंडा. सूर उंच जातो तिथं वर बघा. उतरतो तिथं घरची वाट. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, सुरानंच त्यांना ते सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मास्तरीणपणा गेला नव्हता. म्हणाले, "मावशी, पण तिथं होडी होती का?"

"आमी रोज पहाटं बाजारला कशानं जातो?" मावशी म्हणाल्या. विषय संपला.

आणि मग ते लागलं! एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, चौदा गळे एका दोरीत ओवल्यासारखे चढले, वळले आणि उतरले. पाद्रीबाबा आतून धावत आले, हातात अर्धं सोललेलं केळं तसंच. पुढचा गुरुवार आला तरी एकीचंही चुकलं नाही. आता सकाळी मावशी आमच्या आळीत आल्या की पाटी उतरवायच्या आधी मला बघून नुसत्या भुवया उंच करायच्या, आणि मला कळायचं, त्या 'वर बघा'पाशी आहेत.

शेवटच्या आठवड्यात पाद्रीबाबांनी शब्द बंद करायला लावले. "आता शब्द मनात, तोंडात आकार." तेही जमलं. फक्त मावशींचे ओठ हलत असत.

पास्काच्या सकाळी अण्णा पगडी आणि उपरणं घालून माझ्याबरोबर निघाले. इगर्जीच्या बाजूच्या दारापाशी आम्हाला बाक ठेवलं होतं. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. मचवे किनाऱ्याला लागलेले, मुंबईहून माणसं आलेली, लहान मुलांच्या डोक्यांना खोबरेल तेल चोपडलेलं. पाहुणे पाद्री वेदीपाशी बसले होते. उंच, हडकुळे, पांढरी दाढी छातीवर, डोळे मिटलेले. मला काहीच करायचं नव्हतं, मी फक्त दाराशी बसून ऐकायचं होतं, आणि त्याहून कठीण मी दुसरं काही केलेलं नाही.

पहिली गाणी झाली. मग मावशी उभ्या राहिल्या. चाळीस दिवस बंद ठेवलेला तो शब्द त्यांनी म्हटला.

आलेलूया.

माणसं हलली. मागं उभे असलेले मचव्यांवरचे पुरुष, बाहेरचं बोलणं, सगळं एकदम थांबलं. आकार सुरू झाला, चढला, वळला, तीन गिरक्या, उंच, आणि खाली. बिनचूक! अण्णांनी माझा हात घट्ट धरला. पाहुण्यांनी डोळे उघडले होते.

गाण्याचा मधला भाग झाला. त्यानंतर आलेलूया पुन्हा म्हणायचा होता. मावशींनी पुन्हा सूर लावला. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्या मनात आलं, आता या काही आवरत नाहीत. आकार आला तसं त्यांनी तोंड उघडलं आणि खणखणीत आवाजात, सगळ्या गावाच्या देखत, त्यांच्या घरच्या बोलीत म्हटलं, उठा गं बायांनो, तांबडं फुटलं!

तेरा जणी क्षणभरही थांबल्या नाहीत. होडी लोटली, धोंडा तीनदा जड झाला, वर बघा म्हणताना लहान मुलांनी खरंच छताकडे पाहिलं. मागच्या पुरुषांत खसखस पिकली. त्यांना शब्द कळत होते, त्यांच्या आईच्या तोंडचे होते ते. पाद्रीबाबांचा चेहरा वेदीवरच्या मेणबत्तीसारखा पांढरा पडला होता.

"शाबास!" अण्णा इतक्या मोठ्यानं म्हणाले की मी त्यांचं उपरणं ओढलं.

प्रार्थना संपल्यावर पाहुणे आणि पाद्रीबाबा आतल्या खोलीत गेले. बाहेर आंब्याखाली आम्ही उभे. मावशी पदराचं टोक चावत होत्या. "माजंच चुकलं," त्या म्हणाल्या. "तोंडातून गेलंच. बाकीच्यांचं काय न्हाय. मला घाला इगर्जीच्या भाईर." कुणी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

बऱ्याच वेळानं पाहुणे बाहेर आले. पाद्रीबाबा त्यांचं बोलणं मराठीत सांगू लागले. "ते म्हणतात, पूजेत असं करायची परवानगी नाही. पुढच्या वर्षी होता कामा नये."

मावशींनी मान खाली घातली.

"आणि ते म्हणतात," पाद्रीबाबा पुढं म्हणाले, "आता इथं झाडाखाली पूजा नाही. इथं पुन्हा म्हणा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी सुरू केलं, बाकीच्या भोवती जमल्या. पाहुणे बाजूच्या ओट्यावर बसले आणि गुडघ्यावर एक बोट ठेवून, तो फ्रँक लोकांच्या वेळचा फटकारा असावा तसं हवेत वर खाली हलवू लागले. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या गिरकीपाशी हात वर करून थांबवलं आणि पुस्तक मागवलं.

एकावर एक चढलेल्या दोन ठिपक्यांवर त्यांनी बोट ठेवलं. खालचा आधी म्हणायचा असतो, मग वरचा. आम्ही वरचा आधी म्हणत होतो.

माझे कान तापले. पहिल्या दिवशी पाद्रीबाबा नियम सांगत होते आणि मी हूं हूं करत होते, तो हाच. चौदा जणींच्या गळ्यात ती चूक मी घातली होती. मी पुढं होऊन सांगितलं, "ही माझी चूक. यांची नाही."

त्यांना ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाद्रीबाबांना काही म्हणाले. "ते म्हणतात, मठात पहिल्या वर्षी त्यांनीही हेच केलं होतं. तिथं त्यांना कोपऱ्यात उभं केलं. तुम्हाला शिक्षा म्हणजे हे शब्द लिहून द्या."

शब्द बोलीतले, मी ते देवनागरीत लिहिले. मावशी सांगत होत्या, मी लिहीत होते. पाहुण्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येणार नव्हतं. तरी त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, शाईवर फुंकर मारली आणि आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. तो त्यांच्याबरोबर गेला. पुढं त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

परतताना होडीत अण्णा गप्प बसले होते. ही गोष्ट इतकी दुर्मिळ की मी घाबरले. खाडीच्या मध्यावर आल्यावर म्हणाले, "माझ्या पदात तिमिर होतं. तिच्यात धोंडा आहे." त्यानंतरच्या कीर्तनांत त्यांची पदं सोपी झाली की काय, ते लोक सांगतील. मला तसं वाटलं.

पास्कानंतरच्या गुरुवारी सकाळी आमच्या आळीत नेहमीची हाक आली नाही. मी दार उघडलं तर ओटीवर आठ बायका, आठ पाट्या, मुळ्यांचे आणि लाल माठाचे ढीग. मावशी पुढं.

"बाय, त्या दिशी तू माजे शब्द कागुदावर घातलेस," त्या म्हणाल्या. "लई येळ मी त्या कागुदाकडं बगत व्हते. माजी होडी त्यात कंची, त्ये मला कळंना."

मी आत जाऊन लिहायची पाटी आणली. होडीला त्यांच्या बोलीत जो शब्द, तो लिहून दाखवला.

"येवडीच?" त्या म्हणाल्या.

"एवढीच. दोन अक्षरं."

त्यांनी मागं वळून बाकीच्यांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. आठही जणी रांगेत बसून घेऊ लागल्या. शाळेची वेळ व्हायला अजून तास होता. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि भाजीच्या पाट्या मोजू लागल्या. अण्णा आतून ओरडले, "अगं, पाटी एकच आहे, या आठ जणी!" आणि मग स्वतःच चुलीतले विझलेले कोळसे सुपात घेऊन बाहेर आले, ओटीच्या सारवलेल्या जमिनीवर ओळीनं एकेक ठेवत गेले, प्रत्येकीच्या पुढं एक.